पॅरिसचा घाट

"निशी, त्या मनोऱ्याच्या पुढ्यात नदी हाय न्हवं?"

चालत्या बसमध्ये उभं राहायचं नाही, हे मी रोज सकाळी माईकवरून सांगायचो आणि शेवंताबाई मगदूम रोज संध्याकाळी माझ्या सीटला धरून उभ्या राहायच्या. त्या दिवशीही उभ्या होत्या. बाहेर पॅरिस मागे पडत होतं आणि आत बत्तीस मंडळी आयफेल टॉवरचे फोटो एकमेकांना दाखवत होती.

"आहे की मावशी. आत्ताच नाही का आपण पुलावरून आलो?"

"पुलावरनं काय दिसतंय? बस पळतीया. पायऱ्या हायत का, ते सांग. पाण्यात उतरायच्या."

"पायऱ्या?"

"दगडाच्या. घाटावर असत्यात तसल्या."

हा प्रश्न त्यांनी मला लंडनमध्ये विचारला होता, ब्रुसेल्समध्ये विचारला होता आणि दोन्ही वेळा मी "बघू हं" म्हणून वेळ मारून नेली होती. खरं तर मला माहीत नव्हतं. टॉवरची उंची, वजन, खिळे किती, रंग कितव्यांदा दिला, सगळं तोंडपाठ होतं. पायऱ्यांचं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, डोंबिवलीचा, आणि टूर मॅनेजर म्हणून एकट्यानं नेलेली ती माझी पहिलीच युरोप सहल होती. निघताना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "ही सहल बिनतक्रार परत आण, पुढचा सगळा सीझन युरोप तुझा. एक जरी लेखी तक्रार आली, तर विसर." आणि तक्रार लिहिणारं माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये देव एक तरी पाठवतोच. आमच्याकडे कर्णिककाका होते. निवृत्त इंजिनिअर. बस किती वाजता सुटली, जेवण किती मिनिटं उशिरा आलं, हे सगळं खिशातल्या डायरीत टिपत. माणूस वाईट नव्हता, पण त्या डायरीला मी पासपोर्टपेक्षा जास्त भ्यायचो.

शेवंताबाई म्हणजे गडहिंग्लजच्या, वय साठीच्या पुढचं, नऊवारीवर स्वेटर आणि पायात सुनेनं घेऊन दिलेले पांढरे बूट. बोलताना "मी येतो, मी जातो" म्हणत, त्यांच्याकडच्या बायका म्हणतात तसं. पुण्यातल्या काकू पहिले दोन दिवस हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. मुलाचा पुण्यात कारखाना होता. त्यानं आईला सिंगापूरला पाठवायचं ठरवलं होतं, पण बाई हटून बसल्या होत्या: पॅरिस असेल तरच घर सोडणार.

आणि पॅरिसला येऊन या बाईंनी काय केलं? टॉवरसमोर नदीअलीकडे असलेल्या ट्रोकादेरोच्या उंच गच्चीवर सगळी मंडळी टॉवरचं टोक चिमटीत धरून फोटो काढत होती, तेव्हा या टॉवरकडे न बघता कठड्यावरून खाली वाकून बघत होत्या. मी धावत जाऊन मागे ओढलं. "झाडं आड येत्यात," एवढंच म्हणाल्या. त्या आठवड्यात नदीला पाणी फार चढलं होतं. बोटी पुलाखालून जाईनात, म्हणून आमची बोटीतली फेरी रद्द झाली. सगळ्यांनी थोडी कुरकुर केली आणि पैसे परत मिळणार कळल्यावर सोडून दिलं. शेवंताबाईंचं तोंड मात्र त्या बातमीनं एवढंसं झालं.

आता त्या बसमध्ये वाकून माझ्या कानाशी आल्या. "मला एक फोटोवाला ठरवून दे. उद्या सकाळी."

"उद्या? मावशी, उद्या आठला आपण स्वित्झर्लंडला निघतोय."

"त्याच्या आधी. सहाला जाऊ. नदीच्या काठाला, मनोऱ्याच्या समोर."

"फोटो मी काढतो की माझ्या मोबाईलवर. आत्ता बस थांबवता येत नाही, पण..."

"मोबाईलचा नगं. मोबाईलवर आता काय पण करता येतंय म्हणत्यात. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यानं काढलेला पाहिजे. कुणाला दावला तर खोटा म्हणता येणार न्हाई, असला."

प्रवासाला आलेल्या जोडप्यांसाठी तिथे असे फोटोवाले मिळतात, हे मला ठाऊक होतं. इंटरनेटवर वेळ ठरवायची, ते कॅमेरा घेऊन हजर राहतात. लग्न ठरलेली पोरं-पोरी, हनिमूनवाले, हवेत उडणारे लांबलचक झगे. साठी उलटलेल्या एकट्या बाईनं असा फोटोवाला मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शिवाय नियम अगदी स्पष्ट होता: कार्यक्रमात नाही तिथे कुणा एकाला घेऊन जायचं नाही, आणि मॅनेजरनं ग्रुप सोडायचा नाही.

"कशाला हवाय फोटो?" मी विचारलं.

"तू आधी ठरीव तर. मग सांगतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला लहानपणापासून एक खोड आहे, कुणी "मग सांगतो" म्हटलं की मला चैन पडत नाही. हॉटेलवर पोहोचायच्या आत मी साडेसहाची वेळ ठरवून टाकली होती.

पहाटे पावणेसहाला त्या लॉबीत हजर होत्या. डोक्यावरून पदर, काखेत एक कापडी पिशवी. ती पिशवी त्यांनी टॅक्सीत मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. पहाटेची वेळ, नदी, पाण्यात उतरायच्या पायऱ्या आणि छातीशी धरलेली पिशवी. माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला.

"मावशी," मी हळूच विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"हाय जरा."

"मावशी, हे बघा. इथे नदीत अस्थी सोडता येत नाहीत. पोलीस धरतात. तुम्हालाही आणि मलाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की टॅक्सीवाल्यानं आरशातून मागे पाहिलं. "आमच्या मालकांच्या अस्थी कवाच नरसोबाच्या वाडीला सोडल्यात, लेका! जिता असताना मुंबईला आला न्हाई गडी, मेल्यावर पॅरिसला कशाला येतोय?"

मग पिशवीतून त्यांनी एक पत्र्याचं झाकण काढलं. बिस्किटाच्या डब्याचं, चौकोनी. त्यावर आयफेल टॉवरचं चित्र होतं, रंग उडालेलं. वरचा अर्धा भाग बरा होता. खालचा अर्धा गंजानं खाल्ला होता. टॉवरचे चारही पाय जणू तपकिरी धुक्यात शिरून नाहीसे झाले होते.

"ह्यात खाली काय हाय, सांग बघू," त्या म्हणाल्या.

"काही दिसत नाही."

"मलाबी दिसलं न्हवतं," असं म्हणून त्यांनी झाकण परत पिशवीत ठेवलं.

पुलाजवळ मी ठरवलेली फोटोवाली, नादिया, उभी होती. पंचविशीतली मुलगी, गळ्यात दोन कॅमेरे, हातात कॉफी. तिनं आधी माझ्याकडे, मग शेवंताबाईंकडे आणि मग आमच्या मागे पाहिलं. नवरा-नवरी कुठे आहेत, असं तिनं इंग्रजीत विचारलं. मी शेवंताबाईंकडे बोट दाखवलं. ती बिचारी मनमोकळी होती, तिनं दोन्ही हात जोडून "नमस्ते" केलं आणि आम्हाला वर गच्चीकडे न्यायला लागली.

"वर न्हाई. खाली," शेवंताबाई म्हणाल्या. हे भाषांतर करायची गरज पडली नाही, कारण त्या पुलाशेजारच्या जिन्यानं उतरायलाही लागल्या होत्या.

खाली काठाला लागून दगडी फरसबंदी होती. पाणी दोनच दिवसांपूर्वी तिथवर आलेलं असणार, कारण सगळीकडे ओला गाळ होता आणि झाडांच्या बुंध्यांना काटक्या, प्लॅस्टिक अडकलेलं होतं. समोर गढूळ नदी फुगून वाहत होती आणि तिच्या पलीकडे तो टॉवर, कोवळ्या उन्हात, पायापासून शेंड्यापर्यंत. शेवंताबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्यांचे डोळे खाली होते. काठाकाठानं त्या चालत सुटल्या. पांढरे बूट गाळानं माखले. मी मागून, "मावशी, घसराल" करत, आणि माझ्या मागून नादिया.

दोनशे पावलं गेलो. सरळ दगडी भिंत आणि पाणी. पायरीचा पत्ता नाही. त्यांची चाल मंदावली. मला आतून वाईट वाटायला लागलं, कशाबद्दल ते अजून कळलं नव्हतं तरी.

"मावशी, परत फिरू या का? पाणी चढलंय ना, असतील तरी बुडालेल्या असतील."

"बुडू देत. हायत का, एवढंच बघायचं," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

फरसबंदीच्या कडेला एक खाच होती. तिथून दगडी पायऱ्या खाली पाण्यात गेल्या होत्या. पाच-सहा उघड्या, हिरव्या शेवाळाच्या. बाकीच्या पाण्याखाली एकामागोमाग एक अंधूक होत गेलेल्या. शेवटच्या उघड्या पायरीवर पाणी येऊन फुटत होतं. घाट म्हणावा एवढी काही ती जागा रुंद नव्हती. पण पाण्याला उतरायच्या पायऱ्या होत्या, दगडाच्या, आणि बरोब्बर समोर टॉवर.

शेवंताबाई तिथेच मटकन खाली बसल्या, ओल्या फरशीवर. मला वाटलं चक्कर आली. मी हात धरला तर म्हणाल्या, "गप. बघू दे."

मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"आमचा आबा, माझा बाप, पडदं रंगवायचा. फोटो स्टुडिओत माणसाच्या मागं लावत्यात ते. ताजमहाल, बाग, कारंजं, उडतं इमान. गडहिंग्लजपासनं निपाणीपतोर सगळ्या स्टुडिओत आबाचंच पडदं. एकदा पोतदार फोटोवाल्यानं सांगितलं, परदेशातला पडदा पाहिजे, नवा-नवरी हौसनं उभी ऱ्हात्यात. आणि हे झाकाण दिलं नमुन्याला. त्याच आठवड्यात आबा शिडीवरनं पडला. उजवा हात मोडला. लग्नसराई तर तोंडावर आलेली. मी म्हटलं, मी रंगवतो. सोळा वर्सांची होतो."

"तुम्ही रंगवला?"

"वरचं सगळं जमलं. खाली गंज. मनोऱ्याचं पाय कशावर टेकल्यात तेच कळंना. मग काय केलं, पाय दिसायलाच नकोत म्हणून पुढं नदी काढली. नदी काढली तर मोकळीच दिसाय लागली, म्हणून घाट काढला. आमच्या गावच्या नदीचा, हिरण्यकेशीचा. तांब्या तेवढा ठेवायचा ऱ्हायला."

मी हसलो. त्याही हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या.

"आबानं बघितलं. म्हटला, झ्याक झालंय, पण घाट कुठनं आणलास? आता, मनानं काढला म्हटलं असतं तर पुसाय लावला असता. मी म्हटलं, शाळंतल्या पुस्तकात बघितला. आबा म्हटला, शप्पत? मी म्हटलं, आईची शप्पत."

नादिया मला खुणेनं विचारत होती, सुरू करू का. मी हातानं थांब म्हटलं.

"पडदा लागला. चार लग्नं झाली त्याच्यापुढं. पाचव्याला मुंबईचा कोण पाव्हणा आलता, शिकल्याला. तो पोतदाराला म्हटला, हा कसला घाट? पॅरिसात कुठं घाट असतोय? पोतदार आबाकडं आला. म्हटला, घाट पुसा, खाली बाग काढा. एका दिवसाचं काम."

"मग पुसला नाही?"

"आबा म्हटला, माझी पोरगी आईची खोटी शप्पत घ्यायची न्हाई. तिथं घाट हाय. पुसणार न्हाई." त्यांनी नाक पुसलं. "पोतदारानं पुढचा पडदा बेळगावच्या पेंटरला दिला. मग बाकीच्यांनीबी. आबाला पडदं मिळायचं बंद झालं, लेका. पुढं दुकानाच्या पाट्या रंगवायचा आणि बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं. बाजारात गेला की पोरं विचारायची, काय आबा, पॅरिसच्या घाटावर धुणं धुवाय जायचं न्हवं? तर आबा म्हणायचा, जावा की, तिथं घाट हाय. मरूस्तवर म्हणत होता."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना? कधीच?"

"दहादा तोंड उघडलं. पण कसं सांगायचं? गावात खोटा पडलाच होता, मी सांगितलं असतं तर घरातबी खोटा पडला असता."

त्या उठल्या, साडीचा ओला घोळ झटकला आणि नादियाकडे बोट केलं.

"हिला विचार, ह्या पायऱ्या नव्या न्हाईत न्हवं? आत्ता दहा-वीस वर्सांत बांधल्याल्या?"

मी विचारलं. एवढा वेळ गोंधळून उभी असलेली नादिया पायऱ्यांकडे बघून हसली. म्हणाली, माझ्या आजीनं लहानपणी इथे पाय बुडवलेत, आणि त्या तेव्हाही जुन्याच होत्या.

मी ते सांगितलं. शेवंताबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"म्हंजे आबा खरा," त्या म्हणाल्या. "मी खोटीच. मी काय बघितलं न्हवतं. पण आबा खरं बोलला, निशी. जल्मभर खरं बोलत होता."

नादियानं विचारलं, कुठे बसवायचं बाईंना? पायरीवर? उजवीकडून ऊन छान येतंय. मी शेवंताबाईंना सांगितलं, तर त्या मागे सरकल्या. "मला कशाला? तूबी बाजूला हो. पडद्यात माणूस नसतंय. माणूस मागनं येतंय, उभं ऱ्हायला." मी हे नादियाला समजावून सांगितलं. स्वतःच्या फोटोसाठी वेळ ठरवून चौकटीबाहेर उभं राहणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. पण पोरगी कामाची. तिनं गुडघे गाळात टेकले, पायऱ्या पुढ्यात, नदी मध्ये, टॉवर मागे, असे पाऊण तास फोटो काढले. शेवंताबाई तिच्या मागे उभ्या राहून कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होत्या आणि "जरा डाव्या अंगाला घे" म्हणत होत्या. तिला ते कसं कळत होतं देव जाणे, पण ती घेत होती.

मी घड्याळ बघितलं तेव्हा साडेसात वाजून गेले होते.

परतीच्या वाटेवर आम्ही पॅरिसच्या सकाळच्या गर्दीत असे काही अडकलो की विचारू नका. हॉटेलवर पोहोचलो तेव्हा आठ चाळीस झाले होते. सामान चढलेलं, मंडळी बसमध्ये, ड्रायव्हर खाली उभा. पुढच्याच सीटवर कर्णिककाका डायरी उघडून बसलेले. मी टॅक्सीतच गोष्ट जुळवून ठेवली होती. धापा टाकत चढलो आणि माईक उचलला.

"मंडळी, मनापासून माफी मागतो. गाडीच्या एका परवान्यात अडचण आली होती. त्या कागदांसाठी मला ऑफिसला जावं लागलं, आणि मगदूम मावशींना औषध हवं होतं म्हणून त्याही..."

माझ्या हातातून माईक गेला. शेवंताबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, तोंडाच्या फार जवळ, त्यामुळे त्यांचा श्वासही सगळ्या बसभर ऐकू येत होता.

"ह्यो पोरगा खोटं बोलतोय. कागद न्हाई, औषध न्हाई. मी ह्याला नदीवर नेलतो, फोटो काढाय. उशीर माझ्यामुळं झाला."

कर्णिककाकांनी चष्मा वर केला. "म्हणजे कार्यक्रमात नसताना? ग्रुप सोडून?"

"व्हय. ग्रुप सोडून."

"मावशी," मी दात-ओठ खाऊन पुटपुटलो, "माझी नोकरी जाईल."

त्यांनी माईक खाली घेतला, पण बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे पुढचं त्या फक्त मला म्हणाल्या आणि बत्तीस जणांनी ऐकलं.

"जाऊ दे गेली तर. माझ्या खोट्यापायी एका माणसानं आपला शब्द दिला आणि जल्मभर फेडत बसला. आता दुसऱ्याचा शब्द नगं."

मग जाऊन आपल्या सीटवर बसल्या आणि पुढचे शंभरेक किलोमीटर खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की दुपारच्या जेवणाला मी त्यांना लोणचंही विचारलं नाही.

कर्णिककाकांनी तक्रार लिहिली. एक पान, मुद्देसूद, एक शब्द खोटा नाही. मुंबईला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःच मला वाट काढून दिली, कारण मी त्यांना आवडायचो. "म्हातारी माणसं काहीही बोलतात. बाईंची तब्येत बिघडली होती, असं लिहून दे, मी मिटवतो. हे काही खरं नाही ना?"

ते वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणालो, "खरं आहे, सर. सगळं खरं आहे."